नोकरी सोडण्याआधीची आगोट

मे महिना सरत आला की कोकणात कोणाला काही सांगावं लागत नाही. लाकडं पडवीत रचली जातात, घर शाकारून होतं, मसाला आणि सुकी मासळी डब्यांत जाते. पाऊस लागल्यावर यातलं काहीच जमत नाही, म्हणून सगळं आधी. पावसाआधीच्या या तजविजीलाच आगोट म्हणतात. बाळासाठी नोकरी सोडायची ठरली की राजीनाम्याचंही असंच असतं. नोकरीत असताना एका अर्जावर होणारी कामं नंतर महिनोन् महिने रखडतात, आणि तेव्हा कडेवर बाळ असतं.

नोकरी सोडावी की सोडू नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. तो सुटलाय असं धरून, शेवटच्या तीन-चार महिन्यांत काय काय उरकायचं ते इथे लिहितो आहे. घरी राहणारी व्यक्ती आई असेल तसाच बाबाही असेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आरोग्य केंद्रात नोकरी असलेली बायको आणि मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला नवरा, अशी घरं आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवीन नाहीत.

घाई नेमकी कुठे होते

पहिल्या दोन बाळंतपणांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. म्हणजे रजा संपते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. रात्री अजून दोनदा उठतं, आणि वरचं अन्न सुरू करायची वेळही हीच. पाळणाघराची सक्ती आहे ती ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीतल्या पतपेढीत, खासगी दवाखान्यात, हिशेब तपासनिसाच्या ऑफिसात ५० माणसं कुठून असणार? म्हणून बहुतेक राजीनामे रजा संपण्याच्या आठवड्यात, झोप नसलेल्या डोक्याने लिहिले जातात. निर्णय चुकीचा नसतो, पण तारीख हमखास चुकते.

तारीख पुढे ढकलायचे मार्ग आधी संपवा. खासगी नोकरीत दोन-तीन महिन्यांची बिनपगारी रजा लेखी मागा. तोंडी 'बघू' वर थांबू नका. कामाचं स्वरूप तसं असेल तर प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद कायद्यातच आहे, मात्र ती दोघांच्या संमतीने. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा १८० दिवस मिळते आणि केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३०. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ती तुकड्यांत घेता येते. सरकारी नोकरीत तर मी म्हणेन, राजीनाम्याचा कागद सगळ्यांत शेवटी हातात घ्या. जुन्या पेन्शनच्या नियमांखाली राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. बालसंगोपन रजा, अर्जित रजा, असाधारण रजा ही सगळी दारं ठोठावून झाल्यावरच तो विचार करा.

खरा तोटा किती

घरोघरी होणारा हिशेब असा असतो. समजा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आईचा मूळ पगार १८,००० आहे आणि हातात २७,००० येतात. स्कूटरचं पेट्रोल आणि देखभाल ३,०००, बाळ सांभाळणाऱ्या बाईंचे ८,०००, बाहेरचा चहा-नाश्ता, कपडे, वर्गण्या १,५००. उरले १४,५००. "एवढ्यासाठी बाळाला कशाला सोडून जायचं?" असं म्हणून हिशेबाची वही मिटते.

ती इतक्यात मिटू नका. भविष्यनिर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, १५,००० च्या मर्यादेवर दरमहा १,८०० तुमचे कापले जातात आणि १,८०० मालक भरतो. मालकाच्या वाट्यातले १,२५० पेन्शन खात्यात आणि ५५० पीएफमध्ये जातात. हे ३,६०० हातात येत नाहीत म्हणून कोणी मोजत नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी रक्कम, वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून: १८,००० × १५ ÷ २६ म्हणजे १०,३८५ रुपये वर्षाला, महिन्याला सुमारे ८६५. सगळं मिळून खरा तोटा दरमहा १९,००० च्या घरात जातो. शिवाय कंपनीचा आरोग्य विमा जातो. पीएफसोबत नोकरीत असेपर्यंत चालणारं, जास्तीत जास्त ७ लाखांचं विमा संरक्षणही संपतं. दुसऱ्या बाजूने, बाईंचे ८,००० कायमचे नसतात, मूल तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत जाऊ लागलं की ते कमी होतात. पगार मात्र तेवढ्या वर्षांत वाढला असता.

एवढं लिहिलं ते भीती घालायला नाही. १९,००० चा आकडा समोर ठेवून घेतलेला निर्णय टिकतो. १४,५०० धरून घेतलेला निर्णय दुसऱ्या वर्षी टोचायला लागतो, आणि मग घरातली माणसं एकमेकांना बोलू लागतात.

रंगीत तालीम जरूर करा. नोकरी सुटण्याआधी तीन महिने घर एकाच पगारावर चालवायचं आणि दुसरा पगार आला तसा वेगळ्या खात्यात टाकून विसरायचं. या तीन महिन्यांत गणपतीचा किंवा आगोटीचा एक महिना आलाच पाहिजे. कोकणातलं घर जानेवारीत स्वस्त असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चाकरमानी आले, मखर-नैवेद्य झाला, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं झालं, की त्याच घराचा खर्च भलताच फुगतो. साध्या महिन्यांवर केलेली तालीम फसवते.

हाताशी ठेवायची रक्कम सहा महिन्यांच्या खर्चाएवढी असावी असं सगळीकडे सांगतात. इथे ती नऊ महिन्यांची धरावी. मुंबई-पुण्यात एक नोकरी गेली तर त्याच शहरात दुसरी शोधता येते. गुहागरला किंवा देवगडला कमावत्या माणसाची नोकरी गेली तर पुढची बहुधा जिल्ह्याबाहेर मिळते, आणि भाड्याची खोली, अनामत, दोन घरांचा खर्च सोबत घेऊन येते.

गृहकर्ज दोघांच्या पगारावर मंजूर झालं असेल तर मुदत वाढवण्याचा किंवा हप्ता कमी करण्याचा अर्ज दोन्ही पगारांच्या पावत्या हातात असताना करा. एक पगार थांबल्यावर बँक तोच अर्ज वेगळ्या नजरेने बघते. राहिलेल्या एका पगाराच्या ३५ ते ४० टक्क्यांवर हप्ता जात असेल तर आधी तो खाली आणा, राजीनाम्याचं नंतर बघा.

कागद

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची सेवा लागते. १ ऑगस्ट २०२१ ला रुजू झालेल्या माणसाचा शेवटचा दिवस ३१ जुलै २०२६ च्या आधी आला, तर वरच्या उदाहरणातले ५१,९२३ रुपये गेले. प्रसूती रजेचे २६ आठवडे सलग सेवेतच मोजले जातात, आणि नोटिशीचा काळ कामावर असाल तर तोही. पाच वर्षांच्या पुढे सहा महिन्यांहून जास्त झालेली सेवा पूर्ण वर्ष धरतात. नेमणूकपत्र काढून तारीख बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे, तरी दोन महिन्यांनी ग्रॅच्युइटी हुकलेली माणसं गावोगाव भेटतात.

सगळ्यांत जास्त अडतं ते नावावर. नोकरीला लागताना माहेरचं नाव, पीएफमध्ये तेच, पॅनवर तेच, आणि आधार मात्र लग्नानंतर बदललेलं. पुढे कधी पैसे काढायला किंवा बदली करायला गेलं की नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. दुरुस्तीसाठी संयुक्त घोषणापत्र लागतं आणि, विशेषतः पीएफचं खातं जुनं असेल तर, त्यावर मालकाची मंजुरी. नोकरीत असताना तुम्ही हिशेब विभागात समोर उभ्या राहून ती घेऊ शकता. दोन वर्षांनी तिथला माणूस बदललेला असतो, कधी कधी कंपनीच बंद झालेली असते. तेव्हा आधार, पॅन, बँक आणि पीएफ या चारही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर एक आहे का, जन्मतारीख एक आहे का, वडिलांचं की नवऱ्याचं नाव लागलंय, ते सगळं नोटीस देण्याआधी बघा. लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर बाद ठरतं, तेही याच बैठकीत नवीन करून टाका.

पीएफ काढायची घाई करू नका. एकूण सेवा पाच वर्षांहून कमी असेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो. आधीच्या कंपनीची रक्कम नव्या खात्यात बदली करून घेतली असेल तर ती वर्षंही या पाचांत धरली जातात. खात्यावर नोकरी सुटल्यानंतरही व्याज जमा होत राहतं, मात्र त्या काळातलं व्याज करपात्र असतं. पेन्शनचा भाग वेगळा समजून घ्या. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. सहा वर्षं झाली आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर ती सहा वर्षं पुसली गेली. त्याऐवजी ती वर्षं राखून ठेवणारं योजना प्रमाणपत्र घेतलं तर पुढे पुन्हा नोकरी लागल्यावर चारच वर्षं लागतात. परत कामाला जायचा थोडा जरी विचार असेल तर प्रमाणपत्रच घ्या.

कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), शिल्लक रजेच्या पैशांचा हिशेब हे शेवटच्या दिवसाआधीच मागून ठेवा. कंपनीच्या सिमकार्डाचं मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आधार, बँक, पीएफ, गॅस हे सगळं त्या नंबरला जोडलेलं असतं. शेवटच्या दिवशी सिम परत गेलं की एकही ओटीपी येत नाही, आणि आधारचा नंबर बदलायला बाळाला घेऊन तालुक्याच्या केंद्रावर रांग लावावी लागते. एक महिना आधी सगळीकडे स्वतःचा नंबर द्या. पगाराचं खातं काही महिने पगार जमा झाला नाही की साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक ठेवावी लागते. ते आधीच विचारून घ्या, नाहीतर दंड कापून कापून खातं रिकामं होतं.

विमा

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा शेवटच्या दिवशी मध्यरात्री संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत बदली करून घेता येते, आणि तसं केलं तर सामूहिक विम्यात काढलेला काळ प्रतीक्षा काळातून वजा होतो. नवीन पॉलिसी कोरी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. थायरॉईड किंवा गरोदरपणात सुरू झालेला रक्तदाब असेल तर हा फरक मोठा आहे. अर्ज किमान दीड महिना आधी करा, शेवटच्या आठवड्यात नको. पॉलिसी घेताना रोकडविरहित सोय असलेल्या दवाखान्यांची यादी बघा, आणि त्यात केवळ जिल्ह्याचं गाव नव्हे तर तुमच्याकडचे गंभीर रुग्ण जिथे हलवतात ते शहरही आहे का ते पाहा. सिंधुदुर्गातून माणसं गोव्याला बांबोळीला किंवा कोल्हापूरला नेतात, रत्नागिरीतून कोल्हापूरला किंवा मुंबईला.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ती चालते रेशनकार्डावर, म्हणून बाळाचं नाव कार्डावर चढवून घ्या. त्यासाठी जन्मदाखला लागतो, आणि जन्माची नोंद २१ दिवसांत, बाळ जिथे जन्मलं त्या ठिकाणच्या कार्यालयात होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर दाखला तिथूनच आणावा लागतो. सासरच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही.

टर्म विम्याचा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणाऱ्या विम्याचा, क्रम महत्त्वाचा. घरी राहणार असलेल्या व्यक्तीने स्वतःचा विमा पगार चालू असताना घ्यावा, कारण रक्कम उत्पन्नावर ठरते. घेतलेली पॉलिसी नोकरी सुटल्याने रद्द होत नाही, हप्ता भरत राहिलं की झालं. कमावत्या जोडीदाराचा विमा आता वर्षाच्या उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट हवा, कारण घर एका खांबावर आलंय. नवरा विमा घेत असेल तर १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्यावा. मग ती रक्कम बायको-मुलांचीच राहते. सावकार, भाऊबंद, कोणी हात लावू शकत नाही. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडायचा असतो, नंतर जोडता येत नाही.

कोणाच्या नावावर

मला या सगळ्यात सर्वांत जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हे. गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर कोकणातली घरं पिढ्यान् पिढ्या चालली. चालवली ती बायकांनी. भात लावलं, गुरं बघितली, मुलं शिकवली, सासू-सासऱ्यांचं केलं. त्यांच्या नावावर काय होतं? सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, घरपट्टीच्या पावतीवर नाही, पोस्टातल्या खात्यावरही बहुधा नाही. आज शिकली-सवरलेली, आठ वर्षं पगार घेतलेली बाई नोकरी सोडते आणि दोन वर्षांत पन्नास रुपयांच्या रिचार्जला "अहो, जरा पाठवा ना" म्हणायला लागते, तेव्हा आपण त्याच जागी परत येऊन उभे राहिलेलो असतो. बाबा घरी राहिला तर त्याचीही तीच गत होते, फक्त तो ते मागतही नाही.

उपाय साधा आहे, तो राजीनाम्याआधी बसवायचा. कमावत्या माणसाचा पगार झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम घरी राहणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात आपोआप जाईल, अशी बँकेत कायमची सूचना द्या. घरखर्चाची रक्कम वेगळी आणि ही वेगळी. तिचा हिशेब कोणी विचारायचा नाही. किती? पगाराच्या एक दशांशापासून सुरुवात करा. त्यातून पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचं खातं, उघडा. वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, मुदत १५ वर्षं. पीपीएफ सुचवण्याचं कारण आहे. जोडीदाराने दिलेल्या पैशाची मुदत ठेव केली तर तिचं व्याज देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. पीपीएफचं व्याज करमुक्तच आहे, म्हणून तो गुंता होत नाही. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं, वर्षाला २५० पासून. पण तो पैसा मुलीचा. आईच्या म्हातारपणाची सोय त्यात मोजू नका.

घरखर्चाचं खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं, आणि दोघांकडे आपापलं एटीएम कार्ड. १० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या बाबतीत संयुक्त खातं आणि एटीएम याच गोष्टी नावानिशी सांगितल्या आहेत. गावी घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, पती-पत्नी दोघांची नावं लावून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधीचा ग्रामसेवक) अर्ज द्यायचा असतो. जमिनीचं इतकं सोपं नाही. आपल्याकडचे सातबारे सामाईक, एकेका गटात तीस-तीस नावं, वाटप झाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. म्हणून जमिनीसाठी थांबून राहू नका, घर आणि खातं आधी करा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आईचं नाव येतं. तिचं नाव लागायला सुरुवात तर झाली, आता ते बँकेच्या पासबुकावरही येऊ दे.

घरी असणं म्हणजे मोकळं असणं नव्हे

"वैनी, तुम्ही काय घरीच असता, तेवढं लाइट बिलाचं बघा ना." इथून सुरुवात होते. मग पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, सासऱ्यांचा महिन्याचा दाखवण्याचा नंबर, आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला हात, गणपतीत वीस पानं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८, असं दिसतं. मुलांचं, आजाऱ्यांचं बघणं त्याहून वेगळं.

म्हणून बोलणी आधी व्हावीत, आणि घरातल्या मोठ्यांसमोर व्हावीत. दिवसातले दोन तास बाळ दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा कोण हे नावानिशी. 'कोणीतरी बघेल' म्हणजे कोणी बघत नाही. आठवड्यातला अर्धा दिवस पूर्ण सुट्टी. रात्रीचं एक उठणं कमावत्याचं. एप्रिल-मेमध्ये बागेचं काम घरी राहणाऱ्याच्या अंगावर पडणार असेल तर त्या दीड महिन्यासाठी पगारी मदतनीस, आणि तिचा पगार बागेच्या खर्चातून.

बाबा घरी आणि आई ड्युटीवर असेल तर दुधाची शिस्त कडक हवी. काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं असं सांगतात, पण आपल्याकडे मे महिन्यात माजघरसुद्धा ३० च्या वर असतं, तेव्हा काढलं की लगेच फ्रिजमध्ये. मागच्या बाजूला ठेवा, दारात नको, चार दिवसांच्या आत वापरा, बाटलीवर तारीख-वेळ लिहा. गरम पाण्याच्या वाडग्यात बाटली ठेवून कोमट करा, गॅसवर नको. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर ठेवू नका. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद ठेवलं तर चार तास थंडावा राहतो. लसीच्या दिवशी उपकेंद्रात सगळ्या आयाच बसलेल्या असतात. तिथे बाबाला ओशाळायचं काही कारण नाही, लसीकरण कार्ड घेऊन जायचं आणि पुढची तारीख तिथेच लिहून घ्यायची.

वाडीत दिवसा एकट्याने बाळ सांभाळताना विंचवाचं भान ठेवा. आपल्याकडचा लाल विंचू लहान मुलाला जीवघेणा ठरू शकतो. लाकडं भिंतीपासून दूर रचा, बाळाचं अंथरूण झटकून घाला. डंखानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की उतारे करत बसू नका, १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवल्यापासून वेळेत पोचलेली बहुतेक मुलं वाचतात.

बाळोती आणि नाचणी

पावसाळ्यात लंगोट घरात वाळायला दोन ते तीन दिवस घेतात, म्हणून उन्हाळ्यात २४ पुरतात तिथे ४० ठेवा. चुलीवरच्या दांडीवर वाळत घातले तर धुराचा वास आणि काजळी लागते. माजघरात दोरी बांधून पंखा लावणं बरं, दोन लंगोटांत वीतभर अंतर ठेवून. हाताला कोरडा लागलेला लंगोटही शिवणीत ओलसर असतो, म्हणून घडी घालण्याआधी शिवणींवरून इस्त्री फिरवा. हे टाळलं की जांघेत लालभडक, कडेला बारीक पुळ्या असलेला चट्टा उठतो. तो बुरशीचा असतो, पावडरीने जात नाही, उलट घडीत साचून वाढतो. कपडे मऊ करणारी द्रव्यं वापरू नका, त्याने कापड पाणी शोषत नाही.

नाचणीचं सत्त्व एप्रिलमध्येच करून ठेवावं. एक किलो नाचणी चार-पाच पाण्यांनी धुवायची, तळाला बसलेली वाळू काढायची, दहा-बारा तास भिजवून पूर्ण निथळायची. सुती फडक्यात बांधून टांगायची, दोनदा पाण्याचा हबका मारायचा. चोवीस तासांत पांढरे बारीक मोड दिसले की पुरे, लांब वाढले तर आंबूस वास येतो. मग वाऱ्यावर दोन-तीन दिवस, दाताखाली दाणा कट्ट वाजेपर्यंत वाळवायची. इथेच बहुतेकांचं चुकतं. वरून कोरडी दिसते, आत ओल असते, आणि जुलैत डबा उघडला की पिठाच्या गुठळ्या आणि कुबट वास. असं पीठ परत भाजून वापरू नका, बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून, गिरणीवर सकाळचं पहिलं दळण म्हणून द्या. मिरची-मसाल्याच्या मागून दिलं तर बाळाचं तोंड पोळतं. वस्त्रगाळ करून लहान लहान डब्यांत भरा.

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की एक चमचा पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवून, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवायचं. वरून तुपाचा थेंब. वर्षाच्या आत मीठ, साखर नको, आणि मध तर चाटवायलाही नको.

परतीची वाट

परत कधी ना कधी कामाला जायचं असेल तर वयाचं गणित आजच मांडा. राज्य सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वरची मर्यादा असते. ३४ व्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला 'मूल शाळेत जाईपर्यंत' म्हणताना हे लक्षात हवं. शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र आता कायमचं वैध आहे, त्याची चिंता नको. परिचारिका, औषधनिर्माते यांनी आपल्या परिषदेची नोंदणी मात्र मुदतीत नूतनीकरण करत राहावी, खंड पडला की पुन्हा सुरू करणं कटकटीचं.

पहिल्या वर्षात घरबसल्या धंदा सुरू करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कोकम, आगळ, पापड, सगळ्यांचा हंगाम मेमध्ये, म्हणजे घरात माणसांची आणि बागेत कामांची गर्दी असते तेव्हाच. बाळ रांगायला लागलेलं असताना उकळत्या कढईशी काम करणं धोक्याचंही आहे. मूल बालवाडीत गेलं की बघू.

शेवटच्या दिवसानंतर दोन महिन्यांनी एक काम कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पीएफच्या पोर्टलवर जाऊन नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का ते बघायचं. मालकाने भरली नसेल तर दोन महिन्यांनंतर ती तुम्हाला स्वतः भरता येते, आधारच्या ओटीपीवर. ओटीपी येईल तो नंबर तोपर्यंत तुमचा स्वतःचा झालेला असायला हवा.